कादंबरी पूर्ण झाली, नाव ठरत नाही

पत्राचा सारांश : एका लेखिकेने सहा वर्षे खपून आपली पहिली कादंबरी पुरी केली आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे राहते घर रिकामे करण्यासाठी तीन भावंडे आठ दिवस एकत्र राहतात, एवढेच तिचे कथानक. प्रकाशकाने हस्तलिखित स्वीकारले असून महिनाअखेरपर्यंत नाव कळवायला सांगितले आहे. लेखिकेने वर्षभरात चाळीस नावांची यादी केली, पण त्यांतले एकही नाव ‘सगळे सांगत नाही’. मनात भरलेले एक नाव आधीच दुसऱ्या पुस्तकाला दिलेले निघाले. मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मतदान घेतले, तर जे नाव पहिले आले तेच त्यांना आवडत नाही. प्रकाशकाला ‘बंद दाराआड’ हे नाव हवे आहे, कारण त्यात उत्सुकता आहे. संगणकातल्या फाइलचे नाव मात्र सहा वर्षे ‘जुने घर’ असेच राहिले आणि आता दुसरे कोणतेही नाव परके वाटते. त्या विचारतात, ‘योग्य नाव सुचेपर्यंत थांबावे, मतदानाचा कौल मान्य करावा, की प्रकाशकाचे ऐकावे?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मांडलेल्या तिन्ही पर्यायांपैकी एकही मला जसाच्या तसा पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नुसते थांबल्याने नाव सुचत नाही, मतदानाने तर नाहीच नाही, आणि प्रकाशकाचे ऐकायचे असेल तर कोणत्या बाबतीत ऐकायचे हे आधी ठरवावे लागेल.

त्याआधी तुमच्या एका शब्दप्रयोगाकडे वळू. कोणतेही नाव ‘सगळे सांगत नाही’, हे वाक्य तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आले आहे. नावाने सगळे सांगावे ही अपेक्षा मुळात आली कुठून? जे सांगायचे होते ते दोन शब्दांत मावत नव्हते, म्हणूनच तर तुम्ही तीनशे पाने लिहिलीत. त्या तीनशे पानांचा अर्क काढून तो मुखपृष्ठावर ओतायला निघालात, तर हाताला ‘नातेसंबंध’, ‘दुःख’, ‘काळ’ असे शब्द लागतील. ते खोटे नसतील, पण जगातल्या निम्म्या कादंबऱ्यांना तेच शब्द लागू पडतील.

मला स्वतःला शीर्षकाचा विचार वेगळ्या बाजूने करणे सोयीचे वाटते. शीर्षक दोनदा वाचले जाते. पहिल्यांदा ते वाचणाऱ्याला आत काय आहे याची काहीच कल्पना नसते. त्याच्यापुढे फक्त दोन-तीन शब्द असतात आणि पुस्तक हातात घ्यायचे की नाही, हे तो त्यांवरून ठरवत असतो. दुसऱ्यांदा तो शेवटचे पान संपवून पुस्तक मिटतो आणि त्याची नजर पुन्हा मुखपृष्ठावर जाते. शब्द तेच असतात, पण मधल्या पानांनी त्यांचा अर्थ जागचा हललेला असतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात असे अंतर पडावे, एवढीच अपेक्षा मी नावाकडून करतो. ‘रितेपण’ हे तुमच्या यादीतले नाव पहिल्या वाचनात रितेपण आहे आणि दुसऱ्या वाचनातही रितेपणच आहे. मध्ये कादंबरी वाचली काय नि न वाचली काय.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण जुने आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला ना नायकाचे नाव आहे ना नायिकेचे. दहा अंकांच्या त्या नाटकात मातीची छोटी गाडी येते ती सहाव्या अंकात, आणि तीही एका रडणाऱ्या मुलाच्या निमित्ताने. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेल्या रोहसेनाला, म्हणजे नायक चारुदत्ताच्या मुलाला, आपली मातीची गाडी नको असते. नायिका वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या गाडीत भरते, आणि पुढे तेच दागिने चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन उभे राहतात. नाटक पाहण्याआधी ‘मातीची गाडी’ म्हणजे एक खेळणे असते; पाहून झाल्यावर त्या दोन शब्दांत गरिबी, औदार्य आणि जिवावर आलेले संकट एकत्र बसलेले असते. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथ या संस्कृत साहित्यशास्त्रकाराने ‘साहित्यदर्पणा’त म्हटले आहे की नाटकाचे नाव त्यातला गर्भित अर्थ प्रकट करणारे असावे. ‘गर्भित’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. वर तरंगणारा अर्थ त्याला अभिप्रेत नसावा, पोटात असलेला असावा.

आता तुमच्या यादीकडे येतो. चाळीसपैकी बारा नावे तुम्ही पत्रासोबत पाठवली आहेत. त्यांतली तीन ‘पण’ने संपतात : रितेपण, पोरकेपण, एकटेपण. सात नावांमध्ये षष्ठीची जोडी आहे : ‘सावल्यांचे घर’, ‘नात्यांचा हिशेब’, ‘भिंतींचे मौन’, ‘काळाची धूळ’, ‘आठवणींची वाटणी’ आणि त्याच जातीची आणखी दोन. उरलेली दोन म्हणजे प्रकाशकाचे ‘बंद दाराआड’ आणि फाइलीचे ‘जुने घर’. राग मानू नका, पण एक छोटासा खेळ करून पाहा. षष्ठीच्या जोड्या मधोमध कापा आणि तुकडे अदलाबदल करून पुन्हा जोडा. ‘काळाचे मौन’, ‘भिंतींची धूळ’, ‘सावल्यांचा हिशेब’, ‘आठवणींचे घर’, ‘नात्यांची वाटणी’. काही बिघडले का? उलट ‘भिंतींची धूळ’ तर मूळ नावांपेक्षा बरे आहे, कारण ती निदान बोटाला लागते. ज्या नावाचा अर्धा भाग काढून दुसऱ्याचा लावला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, ते नाव तुमच्या कादंबरीतून आलेले नाही. ते आपल्या सर्वांच्या कानांत आधीपासून असलेल्या एका साच्यातून आले आहे. मराठीत हा साचा फार हाताशी असतो, आणि मीही त्यात अनेकदा सापडलो आहे.

इथे माझ्याच म्हणण्याला छेद देणारी उदाहरणे तुम्हांला आठवतील. जेन ऑस्टिन आणि टॉलस्टॉय यांच्या सर्वांत प्रसिद्ध कादंबऱ्यांची नावे, म्हणजे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि ‘वॉर अँड पीस’, दोन-दोन भाववाचक नामांची आहेत आणि ती उत्तम आहेत. माझ्या मते ती टिकली, कारण त्यांतली नामे एकमेकांवर आपटतात. गर्व कोणाचा आणि पूर्वग्रह कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर वाचता वाचता बदलत जाते. तेव्हा भाववाचक नामावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. एकटे भाववाचक नाम मात्र बहुधा आळसाचे लक्षण असते. आणि ही दोन्ही नावे पहिल्या फटक्यात आलेली नाहीत, हेही लक्षात ठेवा. टॉलस्टॉयच्या कादंबरीचा आरंभीचा भाग १८६५ मध्ये नियतकालिकात छापला गेला, तेव्हा त्यावर ‘१८०५’ एवढे एक साल होते. योग्य नाव कुठेतरी तयार असते आणि ते एके दिवशी विजेसारखे चमकते, ही तुमची दुसरी धारणा. तिला अशा कहाण्यांतून फारसा आधार मिळत नाही. पुष्कळ नावे घासून, टाकून, कधी नाइलाजाने बदलून झालेली असतात.

मग नाव शोधायचे कुठे? हस्तलिखितात. यादीचा कागद आठ दिवस नजरेआड ठेवा आणि कादंबरी पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त वस्तू, पात्रांच्या तोंडची वाक्ये आणि ठिकाणे यांवर खूण करत जा. जी वस्तू दोनपेक्षा जास्त वेळा येते, जे वाक्य एक पात्र बोलते आणि दुसरे पात्र वेगळ्या अर्थाने परत बोलते, जे ठिकाण टाळले जाते, ते वेगळ्या वहीत लिहा. विशेषणे आणि भावना वगळा.

खरे सांगायचे तर तुमच्याबाबतीत हे काम निम्मे तुम्हीच करून ठेवले आहे. पत्राच्या चौथ्या पानावर, कंसात, ‘हे उगाच गंमत म्हणून सांगते’ असे म्हणून तुम्ही लिहिले आहे की कादंबरीतल्या वडिलांना घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवायची सवय होती; शेवटच्या दिवशी तिन्ही भावंडे सगळे सामान वाटून, विकून, टाकून मोकळी होतात, पण एक पत्र्याचा डबा कोणालाच टाकवत नाही. त्यात कुठल्या कुठल्या यंत्रांतून निघालेले स्क्रू, वॉशर, एक स्प्रिंग, एका बंद पडलेल्या घड्याळाचा काटा. चिठ्ठीवर वडिलांच्या वळणदार अक्षरात ‘सुटे भाग’.

मी ते वाचून थांबलो. या दोन शब्दांचे पहिले वाचन साधे आहे : यंत्राचे तुकडे. कादंबरी वाचून झाल्यावर सुटे झालेले भाग म्हणजे ही तीन भावंडे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘भाग’ म्हणजे वारशातला हिस्सा, आणि पुस्तकाचाही भाग असतोच. ‘सुटणे’ या क्रियापदात तुटणे आहे, मागे राहणे आहे, आणि सुटका होणेही आहे. आणि जो माणूस हे तुकडे टाकून न देता जपून ठेवतो, कधीतरी कशाला तरी लागतील म्हणून, त्याचा सगळा स्वभाव त्या चिठ्ठीत आहे. हे अर्थ तुम्ही ठरवून घातले असतील असे मला वाटत नाही, नाहीतर तुम्ही ते कंसात टाकले नसते.

आता याच नावाच्या विरुद्ध बाजूनेही बोलतो, कारण मला ते आवडले म्हणजे ते तुम्हांला आवडायला हवे असे नाही. ‘सुटे भाग’ हे नाव ऐकून हा कथासंग्रह असावा असे काहींना वाटेल. काहींना ते रुक्ष, दुरुस्तीच्या माहितीपुस्तकासारखे वाटेल. तुमची भाषा जर हळवी, लयदार असेल तर हे कोरडे नाव तिच्या अंगाला बसणार नाही. आणि ती कोरडी, किंचित विनोदी असेल (पत्रावरून मला तशी वाटते), तर छान बसेल. हा निर्णय हस्तलिखित न वाचलेल्या माणसाने घेऊ नये. खूण करत वाचताना तुम्हांला त्या डब्यापेक्षा चांगले काहीतरी सापडण्याची शक्यता भरपूर आहे.

आवडलेले नाव दुसऱ्या पुस्तकाला आहे, ही अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. बहुतेक देशांच्या कायद्यांत केवळ शीर्षकाला कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही. एकाच नावाची अनेक पुस्तके सुखाने नांदत असतात. एखाद्या गाजलेल्या मालिकेचे किंवा ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले नाव घेतले, अथवा वाचकाची फसगत होईल अशा रीतीने वापरले, तर प्रश्न निर्माण होऊ शकतो, आणि तसा संशय असल्यास प्रकाशकाने जाणकाराला विचारावे. खरा प्रश्न व्यवहाराचा आहे. त्याच भाषेत, त्याच प्रकारचे, लोकांच्या अजून लक्षात असलेले पुस्तक असेल, तर तुमचे पुस्तक मागणाऱ्याला ते मिळेल. फार जुने, विस्मरणात गेलेले किंवा वेगळ्या विषयावरचे असेल, तर खुशाल घ्या. आणि नाव सोडावे लागले तरी हळहळू नका. जेन ऑस्टिनच्या वर सांगितलेल्या कादंबरीचे पहिले नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ होते. ती छापली जाईपर्यंत त्या नावाची दुसरी कादंबरी येऊन गेली होती, आणि १८१३ मध्ये ती आली ती आज आपल्याला माहीत असलेल्या नावाने.

मतदानाबद्दल थोडक्यात. गटातल्या फक्त चौघांनी हस्तलिखित वाचले आहे असे तुम्हीच लिहिता. न वाचलेल्या माणसाला ‘कोणते नाव आवडले’ असे विचारले की तो सर्वांत ओळखीचे वाटणारे नाव निवडतो, आणि ओळखीचे का वाटते ते वर सांगितलेच आहे. न वाचलेल्यांचा उपयोग आहे, पण प्रश्न बदला. एका वेळी एकच नाव सांगा आणि विचारा, ‘हे पुस्तक कशाबद्दल असेल असे वाटते?’ उत्तर चुकले तरी चालेल, पण भलत्याच दिशेला जायला नको. दोन दिवसांनी त्याच माणसाला विचारा, ‘मी नाव काय सांगितले होते?’ आठवले नाही, किंवा भलतेच आठवले, तर तुम्हांला उत्तर मिळाले. वाचलेल्या चौघांना वेगळा प्रश्न विचारा : पुस्तकातले काय डोळ्यांसमोर राहिले? दोघांनी आपण होऊन डबा म्हटले, तर पुढे विचारायची गरज नाही.

प्रकाशकाशी बोलताना आधी करारनामा काढून शीर्षकाबाबत अंतिम शब्द कोणाचा आहे ते पाहा. पुष्कळ लेखक हे कलम वाचतच नाहीत. मग त्यांना विचारा की ‘बंद दाराआड’मध्ये त्यांना नेमके काय हवे आहे. शीर्षक हे वाचकाला दिलेले वचन असते. ‘बंद दाराआड’ ऐकून जो पुस्तक घेईल त्याला रहस्य हवे असेल, आणि तिसाव्या पानावर भावंडे अजून जुन्या चादरींच्या घड्या घालत बसलेली पाहून तो चिडेल. त्याचे चिडणे रास्तच म्हणावे लागेल. मात्र ‘आजचे तुमचे कोणतेही नाव लक्ष वेधत नाही’ एवढेच प्रकाशकाचे म्हणणे असेल, तर ते अनुभवाचे बोल आहेत आणि ते ऐका. त्यांची तक्रार घ्या, त्यांचा उपाय घेतलाच पाहिजे असे नाही. महिनाअखेरची मुदतही उगाच नसते. मुखपृष्ठकाराला नाव लागते, आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाची, नोंद शीर्षकासह होते, आणि नंतर शीर्षक बदलायचे तर क्रमांकही नवा घ्यावा लागतो.

‘जुने घर’ या नावाची सवय झाली आहे, हे समजण्यासारखे आहे. सहा वर्षे रोज उघडलेली फाइल ती. पण तो तुमच्यासाठी होता, कामाला बसण्याचा एक दरवाजा. वाचकाची त्याच्याशी काहीच ओळख नाही. तुम्ही फाइलचे नाव बदलूही नका हवे तर.

कवी आणि चित्रकार वाचकांचीही अशी पत्रे अधूनमधून येतात, म्हणून एक आडवळण घेतो. प्रत्येक कलाकृतीला शीर्षक लागतेच असे नाही. अभंगाला शीर्षक नसते, गझलेलाही नसते. दोन्ही पहिल्या ओळीने ओळखले जातात आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. कवितेला नाव सुचत नसेल तर ते न देणे हा कमीपणा नाही. चित्रकाराने मात्र ‘अनाम’ लिहिताना, लोक रिकामी जागा भरतात, हे ध्यानात ठेवावे. व्हिसलरने १८७१ मध्ये रंगवलेल्या आपल्या आईच्या चित्राला ‘करड्या आणि काळ्याची रचना’ अशा अर्थाचे नाव मुद्दाम दिले, कारण त्याला रंगसंगती दाखवायची होती. लोक आजही त्याला ‘व्हिसलरची आई’ म्हणतात. आपल्याकडे ‘भावार्थदीपिका’ म्हटल्यावर क्षणभर थांबणारा वाचक ‘ज्ञानेश्वरी’ म्हटले की लगेच ओळखतो. नाव देणे आपल्या हाती असते, ते चालवणे लोकांच्या.

दोन-तीन नावे हाती आली की ती बोलून पाहा, लिहून नव्हे. मराठीत नावाला प्रत्यय लागतात. ‘अमुकमध्ये लेखिकेने’, ‘अमुकची दुसरी आवृत्ती’, ‘तुम्ही अमुक वाचले का’ ही वाक्ये मोठ्याने म्हणा. क्रियापदाने संपणारी किंवा अर्धवट वाक्याची नावे इथे अडखळतात. फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येते का, ते पाहा. ऱ्हस्वदीर्घाची किंवा जोडाक्षराची शंका येणारे नाव शोधताना सापडत नाही. फार प्रचलित एकटा शब्दही सापडत नाही : ‘मुळे’ हे नाव कितीही अर्थपूर्ण असले तरी संगणकाच्या शोधात ते शब्दयोगी अव्ययाच्या ढिगाऱ्याखाली गाडले जाईल. शीर्षकाच्या शेवटची तीन टिंबे आणि उद्गारचिन्ह काढून टाका. कादंबरीला उपशीर्षकाची गरज नसते. नावाखाली ‘कादंबरी’ एवढे छापले की कथासंग्रहाचा गैरसमजही मिटतो. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथे उपशीर्षकाने विषय सांगावा आणि शीर्षकाला थोडे मोकळे सोडावे.

आणि नाव ठरले की हस्तलिखिताकडे आणखी एकदा जा. ज्या वस्तूचे किंवा वाक्याचे नाव तुम्ही पुस्तकाला द्याल, तिच्यावर आता मुखपृष्ठाचा प्रकाश पडणार आहे, त्यामुळे आतला प्रकाश कमी करावा लागतो. ‘सुटे भाग’च ठरले, तर शेवटच्या प्रकरणात डबा हातात घेऊन एखादे भावंड ‘आपणही असेच झालो की’ अशा अर्थाचे काही बोलते का, ते तपासा. बोलत असेल, तर ते वाक्य काढा आणि डबा नुसता खाली ठेवू द्या.